जुना संगणक अडतो कुठे? नवा घेण्यापूर्वी हे तपासा

लग्नाचे चित्रीकरण करून देणारे, मदरशा-शाळांच्या जलशांची चित्रफीत तयार करणारे आणि दुकानातला माल व्हॉट्सअ‍ॅपवरून दाखवणारे अनेक तरुण आज पेण-रोहा भागात हलाल रोजी कमावत आहेत. यांपैकी पुष्कळांजवळ आठ-दहा वर्षांचा जुना संगणक असतो. एडिटिंगला बसले की चित्र अडखळते, आवाज पुढे जातो, तयार फिल्म बाहेर पडायला रात्र जाते. मग कोणीतरी सल्ला देतो, "हा टाका, नवा घ्या." जवळ रक्कम नसली तर नवा संगणक हप्त्यावर, म्हणजे बहुधा व्याजावर येतो. म्हणून आधी जुन्याचे दुखणे ओळखणे आवश्यक आहे.

कापडाच्या धंद्यातील माणसाला हे लवकर समजेल. रंगाईकडे माल तुंबला असेल तर आणखी माग लावून फायदा नाही. संगणकातही प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि चित्र उलगडणारी चिप असे वेगवेगळे कारागीर एका साखळीत काम करतात. त्यांतला एक मागे पडला की सारे थांबतात. पैसा त्या एकावरच खर्च व्हावा, नाहीतर ती निव्वळ फिजूलखर्ची.

दुखणे कसे ओळखावे?

एडिटिंग चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर दोष डिस्कचा. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर रॅम कमी. प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल तर चित्रफीत त्याला जड जाते आहे. प्रोसेसरचा वेग काम करता करता मूळ आकड्याच्या बराच खाली घसरला, तर तो बहुधा तापतो आहे. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो.

धूळ आणि दमट हवा

हमरापूर गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. मूर्ती घासताना शाडूची आणि प्लास्टरची बारीक भुकटी उडते. अशा ठिकाणी संगणक असेल तर पंख्यावर आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर थर बसतो. कोकणच्या दमट हवेत तो घट्ट होतो. वीज बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने सफाई करावी. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावावी. रॅमच्या सोनेरी टोकांवर मळ असेल तर ती खोडरबराने हलके पुसून घ्यावीत. हे काम अगदी थोड्या खर्चात होते, म्हणून प्रथम हेच करावे.

डिस्क आणि रॅम

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, साधारणपणे मिनिटाला ७२०० किंवा ५४०० फेरे. वाचणारी सुई एका वेळी एकाच जागी असते. विंडोज, एडिटिंगचा प्रोग्राम आणि दोन कॅमेऱ्यांचे चित्रण एकाच डिस्कवर असले की सुईची धावपळ होते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. साधी साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० एमबी वाचते. हार्ड डिस्कचा वेग बहुधा १०० ते २०० एमबी असतो, आणि विखुरलेल्या फाइली वाचताना तो फारच घसरतो. विंडोज, प्रोग्राम आणि चालू काम एसएसडीवर ठेवावे. झालेले काम हार्ड डिस्कवर साठवावे.

रॅम किमान ८ जीबी आणि शक्य असल्यास १६ जीबी असावी. घेण्यापूर्वी मदरबोर्डला डीडीआर-३ लागते की डीडीआर-४ हे पाहावे, एक दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. तसेच विंडोज ३२ बिटचे असेल तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅमचा उपयोग होत नाही. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, परंतु बिल आणि वॉरंटीशिवाय घेऊ नयेत.

फुकटचा इलाज : प्रॉक्सी

नवे मोबाइल आणि कॅमेरे एच-२६५ या पद्धतीने चित्रण दाबून साठवतात. फाइल लहान होते, पण उलगडायला जड जाते. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या (२०१५) आधीच्या प्रोसेसरांत ही पद्धत पूर्णपणे उलगडणारी चिप नाही, त्यामुळे सारा भार प्रोसेसरवर येतो. येथे प्रॉक्सी कामी येते. प्रोग्राम प्रत्येक फाइलची हलकी, कमी आकाराची नक्कल करतो. कापणे-जोडणे नक्कलेवर होते आणि शेवटची फिल्म मूळ फाइलींवरून निघते, त्यामुळे दर्जा घटत नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या मोफत प्रोग्रामांत ही सोय आहे. मात्र काम संपेपर्यंत मूळ फाइलींची नावे किंवा जागा बदलू नये.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने नियमित आधार देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ ला इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्याआधीचा संगणक केवळ एडिटिंगसाठी, इंटरनेटपासून दूर ठेवून वापरता येईल. लिनक्स टाकले तरी वरील दोन्ही प्रोग्राम चालतात.

लोकांची अमानत

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. निकाहच्या चित्रणात लोकांच्या घरच्या माता-भगिनी असतात. हे चित्रण आपल्याजवळ अमानत आहे. दुरुस्तीला देण्यापूर्वी ते वेगळ्या डिस्कवर उतरवून मूळ डिस्क काढून घ्यावी. जुनी हार्ड डिस्क भंगारात किंवा विकायला द्यायची असेल तर क्विक फॉरमॅट पुरेसे नाही, त्यातून फाइली परत काढता येतात. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, किंवा डिस्क उघडून तबकडी मोडून टाकावी. आणि डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर बाकी सारे काम थांबवून प्रथम चित्रण वाचवावे. संगणक दुसरा मिळेल, कोणाच्या घरचे लग्न पुन्हा होणार नाही.

रमजानमध्ये लग्ने जवळपास नसतात. सफाई आणि दुरुस्तीला हा महिना सोयीचा आहे. सफाई, मग प्रॉक्सी, मग एसएसडी, मग रॅम, असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक पायरीनंतर टास्क मॅनेजर पुन्हा पाहावा. एवढे करूनही प्रोसेसर १०० टक्क्यांवरच राहिला, तर नवा संगणक घेणे रास्त आहे. इन्शाअल्लाह, तोवर त्यासाठी रोख रक्कमही जमलेली असेल.