तेवढ्याच ओळीत चाळीस ठिपके जास्त

अंडं बघितलं की मला अजूनही मोड १३एच आठवतो.

१९९४ साली सांगलीत मी एका कॉम्प्युटर क्लासला जायचो. सहा मशीन काळ्या-पांढऱ्या पडद्याची आणि एकच रंगीत. त्या रंगीतवर कायम प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. सर जेवायला गेले की आम्ही ते अलगद काढायचो. एका दुपारी टर्बो सीमध्ये साइन-कोसाइन लावून मी पन्नास त्रिज्येचं वर्तुळ काढलं, आणि पडद्यावर उभं राहिलं ते अंडं. गणित तीनदा तपासलं. गणित बरोबर होतं.

गोम पडद्याच्या मापात होती. मोड १३एच म्हणजे व्हीजीए या चित्र काढणाऱ्या कार्डाची एक मांडणी: आडवे ३२० ठिपके, उभे २०० आणि रंग २५६. काचेचं प्रमाण मात्र चारास तीन. ३२०च्या जोडीला २४० हवेत, मिळाले २००. त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच आणि वर्तुळाचं अंडं. २५६ रंग हवे असतील तर याहून बारीक चित्र मिळायचं नाही, असं आमचं पुस्तक सांगत होतं. पुस्तकाने ‘हे कार्ड देत नाही’ लिहिलं होतं. लिहायला हवं होतं, ‘हे कार्ड मागितल्याशिवाय देत नाही’. पुढची दोन वर्षं माझी त्या मागण्यातच गेली. बीएस्सीचे गुणही त्यातच गेले, पण ते असो.

या कार्डांची वंशावळ उरकून टाकतो. १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर दोन कार्डं आली: फक्त अक्षरांचं एमडीए आणि १६ किलोबाइट मेमरीचं रंगीत सीजीए. १९८४मध्ये ईजीए. २ एप्रिल १९८७ला पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए: २५६ किलोबाइट मेमरी आणि २,६२,१४४ छटांच्या पेटीतून एका वेळी निवडायचे २५६ रंग. झालं.

पण मधल्या एका कार्डापाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९८२मध्ये वान सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्याला कॅलिफोर्नियात आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. आयबीएमच्या एकरंगी पडद्यावर अक्षरं सुबक दिसत, पण ती इंग्रजीच; स्वतःचा ठिपका स्वतः ठेवायची सोयच नव्हती. त्याने त्याच मॉनिटरवर ७२० बाय ३४८ ठिपके मोकळे करून देणारं कार्ड बनवलं. तेच हर्क्युलिस. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट कार्डही याच भुकेतून आलं. सीजीएचं अक्षर आठ बाय आठच्या चौकटीत बसतं. त्यात ‘र्की’ लिहून दाखवा बघू! वर रफार आणि वेलांटी, मध्ये क, आणि ‘कृ’ असेल तर खालीही जागा हवी. जास्त ठिपक्यांची ओढ फक्त खेळवाल्यांना होती असं म्हणणाऱ्याशी मी भांडतो, ते एवढ्यासाठी.

आता आपलं व्हीजीए. ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० ठिपके, ठिपक्यामागे एक बाइट. त्या काळच्या प्रोसेसरला एका दमात ६५,५३६ बाइटांचा तुकडा दिसे. ६४,००० त्यात चपखल बसतात. प्रोग्रॅमरला सोपं जावं म्हणून हा मोड असा ठेवलेला. पण कार्डावर मेमरी त्याच्या चौपट! ती चार पातळ्यांत विभागलेली असते. मोड १३एचमध्ये पहिला ठिपका पहिल्या पातळीत, दुसरा दुसऱ्या, पाचवा पुन्हा पहिल्या, पण तीन घरं सोडून. म्हणजे चार वाफे, आणि प्रत्येक वाफ्यात एक सरी लावून तीन पडीक. या जोडणीला चेन-फोर म्हणतात. कार्डावर मेमरीची वाटणी करणाऱ्या सीक्वेन्सरच्या चौथ्या रजिस्टरातली, म्हणजे आकडा ठेवायच्या खणातली, एक बिट खाली पाडली की साखळी सुटते आणि सगळं रान मोकळं होतं.

रान मोकळं झालं, तरी पडद्यावर ओळी किती? इथे मला पहिला धक्का बसला. त्या २०० ओळी मुळात ४००च असतात. कार्ड प्रत्येक ओळ दोनदा काढतं. ओळी आखणाऱ्या सीआरटी कंट्रोलरच्या नवव्या रजिस्टरात ही दुहेरी थांबवली की ३२० बाय ४०० मिळतात. दोन ओळींचा कोड. ते पहिल्यांदा पडद्यावर आलं तेव्हा मी टाळी वाजवली, आणि सर डबा हातात घेऊन दारात उभे होते.

वर्तुळ मात्र अजून गोल नव्हतंच. त्यासाठी ४८० ओळी हव्यात, म्हणजे दुहेरी ठेवून २४०. ३२० बाय २४०ला मायकेल अब्राश यांनी ‘मोड एक्स’ हे नाव दिलं आणि जुलै १९९१च्या ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मध्ये त्याची कृती छापली. मित्राच्या भावाने पुण्याहून तिची झेरॉक्स आणली होती. एका पानाची कडा कापली गेली होती आणि नेमकी तिथेच आकड्यांची यादी होती. त्यामुळे निम्मे आकडे मला शोधून काढावे लागले. त्या झेरॉक्सवाल्याचा मी आज ऋणी आहे, कारण यादी पूर्ण असती तर मी ती नुसती उतरवली असती.

उदाहरण सांगतो. दिसणारी शेवटची ओळ कुठली, हे अठराव्या रजिस्टरात लिहायचं. शून्यापासून मोजल्यावर ४८० ओळींना ती ४७९. पण रजिस्टरात २५५च्या वर आकडा मावत नाही. मग २२३ अठराव्यात आणि उरलेले २५६ सातव्या रजिस्टरातल्या एका बिटेत. या सातव्यात सगळ्यांचं उरलंसुरलं कोंबलेलं असतं, एकत्र कुटुंबातल्या माळ्यासारखं. शिवाय शून्य ते सात या रजिस्टरांना कुलूप असतं आणि त्याची किल्ली सतराव्याच्या सर्वांत वरच्या बिटेत. ती न फिरवता तुम्ही रात्रभर आकडे लिहिलेत तरी कार्ड ढिम्म. मी लिहिलेत.

कुलूप उघडलं, आकडे घातले, आणि चित्र वरून-खालून काचेबाहेर गेलं. कारण मॉनिटर ओळी मोजत बसत नाही. आडव्या आणि उभ्या सिंकचे, म्हणजे ओळ आणि चित्र कुठे संपतं ते सांगणारे, इशारे धन आहेत की ऋण, एवढंच तो बघतो. दोन्ही ऋण असले तर ४८० ओळी. आडवा ऋण आणि उभा धन असेल तर ४००. याच्या उलट असेल तर ३५०. मी ओळी ४८० केल्या होत्या, पण इशारा ४००चाच राहिला होता. बिचाऱ्याने ४००च्या बेताने चित्र ताणलं. इशारा दुरुस्त केला, आतून ‘टक्’ असा आवाज आला, पडदा क्षणभर काळा झाला आणि वर्तुळ गोल आलं. मी खिशातलं एक रुपयाचं नाणं काचेला लावून पाहिलं. गोल.

खरी मौज यापुढे आहे, ३६० बाय ४८०मध्ये. हा मोड लावायचा कोड जॉन ब्रिजेस यांचा. पीसीपेंट आणि ग्रास्प या चित्रांच्या प्रोग्रॅममध्येही त्यांचा हात होता. व्हीजीएवर दोन घड्याळं असतात. एक २५.१७५ मेगाहर्ट्झचं: एका ओळीत ८०० ठोके, त्यातले ६४० दिसणारे. दुसरं २८.३२२चं: ओळीत ९०० ठोके, दिसणारे ७२०. हे दुसरं खरं तर अक्षरांसाठी. ऐंशी अक्षरं, प्रत्येकाला नऊ ठिपके. आता भागाकार करा. २५.१७५ भागिले ८०० आणि २८.३२२ भागिले ९००, दोन्हीचं उत्तर सेकंदाला सुमारे ३१,४६९ ओळी! मॉनिटरला फरक कळतच नाही. सरीची लांबी तीच, चालण्याचा वेग तोच, फक्त हरभरा टोकताना दोन दाण्यांतलं अंतर कमी केलं. २५६ रंगांत एका ठिपक्याला दोन ठोके लागतात, म्हणून ३२०च्या जागी ३६०. एकूण १,७२,८०० ठिपके, मूळ मोडच्या २.७ पट, आणि तेही त्याच कार्डावर, एक पैसा न घालता.

किंमत होतीच. ४०० ओळींचं चित्र सेकंदाला ७० वेळा उमटतं, ४८०चं ६० वेळा. ट्यूबलाइटखाली डोळे चुरचुरत. शिवाय साखळी सुटल्यावर प्रत्येक ठिपक्याआधी ‘कुठली पातळी’ हे सांगावं लागे. पण चारही पातळ्या एकदम उघडल्या तर एका लिहिण्यात चार ठिपके रंगत. ३२० बाय २४०ची तीन पानं मेमरीत मावत, एक दाखवत असताना दुसरं मागे काढायचं. १९९३च्या ‘डूम’ने ३२० बाय २०० तसंच ठेवलं, पण साखळी सोडली ती याच पानांसाठी. माझ्या लेखी ते शहाणपण. ३६० बाय ४८०मध्ये दुसरं पान मावतच नाही. स्थिर चित्राला मात्र त्याच्यासारखा मोड नाही, यावर मी आजही ठाम आहे.

गेल्या वर्षी पुण्यात जुन्या बाजारात रविवारी सकाळी एक चौदा इंची व्हीजीए मॉनिटर दिसला. विकणारे काका म्हणाले, “दादा, चालू आहे का विचारू नका. हा डबा तांब्यासाठी जातो.” मी वजनावर घेतला. घरी सपाट पडदा आहे, पण त्याला असला अनोळखी मोड दिला की तो ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून झोपतो. डबा सुरू झाला. जुनं ट्रायडंट कार्ड लावलेल्या मशीनवर ३६० बाय ४८० लावला. चित्र आलं, वर्तुळही आलं, पण सगळं बोटभर उजवीकडे. मागचा आडवा सरकवायचा खटका कुणीतरी मोडून नेला होता.

मुलगी म्हणाली, “बाबा, पक्कड आणू?”

पक्कड नको म्हटलं. सीआरटी कंट्रोलरच्या चौथ्या रजिस्टरात, म्हणजे आडवा सिंक कुठे सुरू होतो तिथे, एक मिळवला; पाचव्यातही तेवढाच. चित्र चार ठिपके डावीकडे सरकलं. आणखी दोन मिळवले.