गच्चीवर साठवलेले ऊन

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारी पेठ म्हणून वसवलेल्या कोल्हापूरच्या शाहूपुरीत घरांच्या गच्च्यांवर दिसणारे सौर बंब हे उष्णता साठवण्याचे सर्वांत परिचित साधन होय. नळ्यांत तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते व थंड पाणी खाली उतरते, त्यामुळे पंप लागत नाही. टाकीभोवतीच्या फोमच्या जाड थरामुळे दुपारची उष्णता पहाटेच्या आंघोळीपर्यंत टिकते. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसवर नेले, की त्यात सुमारे ४ युनिट विजेइतकी उष्णता साठते आणि त्यासाठी बॅटरी लागत नाही, ही गोष्ट जितकी साधी तितकीच मोलाची आहे.

ज्या गुळासाठी ही पेठ नावाजली, त्याची काहील मात्र या पाण्यावर उकळणार नाही, कारण पाक ११८ अंशांच्या आसपास न्यावा लागतो. रस आधी कोमट करून चिपाडाची थोडी बचत तेवढी साधेल. अशा चढ्या तापमानासाठी वेगळे माध्यम लागते, आणि म्हणूनच काही सौर वीजकेंद्रांत क्षारांचे वितळलेले मिश्रण सुमारे ५६५ अंशांपर्यंत तापवून ठेवतात व सूर्यास्तानंतर त्याच्या उष्णतेने वाफ करून जनित्र फिरवतात.