खांबाखालचा दुसरा माणूस

ढोकीच्या शिवारात, तेरणा कारखान्याच्या आसपास, ऊस वाढला की मधला विजेचा खांब लांबून दिसतो. पण शिडीची गाडी त्याच्यापर्यंत जात नाही. अशा खांबावर वायरमन शॉक लागून पट्ट्याला लटकला, तर उतरवणार कोण? खालचा जोडीदार आणि त्याच्याजवळचा दोर.

मात्र जोडीदारानं लगेच चढायचं नसतं. पहिला फोन उपकेंद्राच्या ऑपरेटरला. लाईन ट्रिप झाली म्हणजे ती मेली, असं नाही. फांदी घासली असेल असं समजून ऑपरेटर ट्रायल म्हणून लाईन पुन्हा चालू करून बघतो आणि 11 हजार व्होल्ट परत हजर. शिवाय एखाद्याचा जनरेटर उलटा करंट सोडत असतो, तो वेगळाच. फीडर बंद, एबी स्विच उघडा, डिस्चार्ज रॉड लावून लाईन अर्थ केलेली. त्याआधी हात लावायचा नाही. कोरड्या काठीनं सोडवायची युक्ती घरातल्या 230 व्होल्टला चालून जाते. अकरा केव्हीपुढे काठीचा भरवसा धरणं म्हणजे दुसरा बळी देणं.

मग वर चढून क्रॉस आर्मवर, म्हणजे खांबाच्या आडव्या पट्टीवर, दोराचे दोन वेढे घ्यायचे, एक टोक जखमीच्या काखेखालून छातीभोवती गाठी मारून आवळायचं. दोरावर वजन आलं, की मगच त्याचा पट्टा कापायचा. क्रम चुकला तर माणूस थेट खाली. वेढ्यांच्या घर्षणामुळं सत्तर-ऐंशी किलोचं ओझं एकट्याला हळूहळू सोडता येतं. खुंटाला वेढे देऊन विहिरीत मोटार सोडणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. 9 मीटरच्या खांबाला 20 मीटर दोर पुरतो.

1967 साली फ्लोरिडात एका लाईनमननं खांबावर उलट्या लटकलेल्या सहकाऱ्याला तिथंच तोंडानं श्वास दिला आणि तो वाचला. रोको मोराबिटो यांनी टिपलेल्या त्या क्षणाच्या फोटोला पुलित्झर पुरस्कार मिळाला. फोटो थोरच, पण हृदय बंद पडलं असेल तर लटकत्या माणसाची छाती दाबता येत नाही. खाली आणून पाठीवर निजवायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते. 108 ला फोन दुसऱ्या कुणी करावा; दाबणाऱ्यानं हात थांबवू नये.

हे सगळं खाली दुसरा माणूस असेल तरच. तुमच्या रानात वायरमन एकटाच खांबावर चढताना दिसला, तर ‘लाईट कधी येणार?’ विचारू नका. जोडीदार येईपर्यंत त्याला खालीच थांबवा.