दोन गाड्यांमधले अंतर

मुंबई आणि पुणे यांच्यातील अंतर कुणी विचारले तर आपण किलोमीटर सांगत नाही, तास सांगतो. "तीन तासांत पोहोचशील," असे म्हणतो आणि लगेच पुस्ती जोडतो, "घाटात अडकली नाहीस तर!" कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला, तेव्हा ही पुस्ती कायमची पुसली जाईल असे सर्वांना वाटले होते. देशातला हा पहिलाच सहापदरी द्रुतगती मार्ग. वाटेत चौक नाही, सिग्नल नाही, बैलगाडी नाही, सायकल नाही, दुचाकीलाही मज्जाव. असे असूनही सुट्टीच्या दिवशी बोरघाटात गाड्यांची रांग लागते ती लागतेच. आणि ज्या दिवशी रस्ता मोकळा असतो त्या दिवशी अपघाताची बातमी येते. असे का व्हावे?

मी मूळची पनवेलची, शिकायला पुण्यात. दर शनिवारी एसटीने घरी जायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परतायचे, असा तीन वर्षांचा क्रम. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, खिडकीबाहेर भेटला. कोंडी आणि अपघात ही दोन निरनिराळी दुखणी आहेत असे आपण समजतो. विचार करता करता माझे मत असे झाले आहे की या दोहोंचे मूळ पुष्कळ अंशी एकच आहे. ते म्हणजे दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेविषयीची आपली समजूत.

प्रथम कोंडीचा विचार करू. बोरघाटाच्या कोंडीला रस्त्याची रचना कारणीभूत आहे, यात शंका नाही. अडोशी बोगद्याच्या परिसरात जुन्या महामार्गाचे चार पदर द्रुतगती मार्गाच्या सहा पदरांना येऊन मिळतात आणि खंडाळ्याशी पुन्हा वेगळे होतात; म्हणजे दहा पदरांची वाहतूक सहा पदरांतून वाहायची. घाट टाळणारा सुमारे तेरा किलोमीटरांचा जोडमार्ग आखला गेला तो याच कारणाने, आणि वाटेत खांब रोवून उभा असलेला जुना अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला तोही याच कारणाने. परंतु जेथे रस्ता अरुंद होत नाही, अपघात झालेला नाही, कुणाची गाडी बंद पडलेली नाही, तेथेही कोंडी होते. आपण अर्धा तास रांगतो, मग एकाएकी रस्ता मोकळा होतो, आणि अडथळा कोठे होता ते शेवटपर्यंत दिसत नाही.

या अदृश्य अडथळ्याचा उलगडा जपानमधील एका प्रयोगाने सुरेख केला आहे. युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या एका वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सोडल्या आणि चालकांना सांगितले, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास एकसारख्या वेगाने चालवा. रस्त्यात वळणाखेरीज काहीही नव्हते. तरीही थोड्याच वेळात मोटारी थांबू लागल्या. एक चालक किंचित हळू झाला. त्याच्या मागचा जवळ आलेला असल्याने त्याने जरा जास्त ब्रेक दाबला. त्याच्या मागच्याने त्याहून जास्त. होता होता एक जण पूर्ण थांबला. प्रत्येक गाडी पुढे जात होती, पण कोंडी मात्र ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने लाटेसारखी मागे सरकत होती. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा की गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की कोंडीला अपराधी लागत नाही, एक छोटासा ब्रेक पुरतो. मात्र मागच्या गाडीने पुरेसे अंतर ठेवले असेल तर तिला जोरात ब्रेक मारावा लागत नाही, केवळ पाय उचलला तरी भागते, आणि ती लाट तेथेच जिरते. म्हणजे जी जागा आपल्याला फुकट गेलेली वाटते, तीच रस्ता वाहता ठेवत असते.

माझे मामा वीस वर्षे मालट्रक चालवतात. मोटारवाल्यांची ट्रकविषयी नेहमीची तक्रार असते की ते डावा पदर सोडून मधे आणि उजवीकडे घुसतात. मी मामांना याविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अगं, भरलेली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. पुढचा थांबला की मलाही थांबावं लागतं, आणि एकदा थांबलेली गाडी चढावर उचलायची म्हणजे क्लचचा जीव जातो. म्हणून माणूस बाजूला घेतो. नियमाला धरून नाही, पण हौसेनंही घेत नाही." मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. उतारावर डिझेल वाचावे म्हणून काही जण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग इंजिनाचा आवर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि अखेर धरेनासे होतात. अशा वेळी पुढे मोकळी जागा असली तर नशीब. आणि घाटात ती कोणी ठेवत नाही. ट्रकने आपल्यापुढे सोडलेल्या जागेत दोन मोटारी केव्हाच शिरलेल्या असतात.

आता अपघाताकडे वळू. येथे थोडे गणित करावे लागेल, पण ते आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही झेपेल इतके सोपे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. पुढे काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असे धरले, तर तेवढ्यात ४२ मीटर संपले. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनिशी, थांबायला आणखी सुमारे ५५ मीटर, एकूण ९७. हाच वेग ८० असता तर मोटार सुमारे ६९ मीटरांत थांबली असती. फरक अवघा २८ मीटरांचा दिसतो. परंतु दोन्ही मोटारींना एकाच वेळी ६९ मीटरांवर उभा ट्रक दिसला अशी कल्पना करा. ८० ची मोटार ट्रकला टेकण्याच्या बेतात थांबते. १०० ची मोटार त्याच जागी अजून ताशी ७० च्या वर असते! आणि एवढा धोका पत्करून मिळते काय? साडेचौऱ्याण्णव किलोमीटर ८० ने कापायला ७१ मिनिटे लागतात, १०० ने ५७. चौदा मिनिटे. तीही घाट मोकळा मिळाला तर.

हा उभा ट्रक मी उगाच कल्पिलेला नाही. मामांच्या गाडीवर एक क्लीनर होता, माझ्याच वयाचा. पहाटे टायर फुटला म्हणून त्यांनी गाडी अगदी कडेला घेतली. तो मागच्या बाजूला दगड लावायला गेला आणि मागून भरधाव आलेली मोटार थेट ट्रकवर आदळली. मोटारीतले वाचले, तो गेला. त्या दिवसापासून मामा घरी आले की जेवताना फारसे बोलत नाहीत. वर्तमानपत्रात त्याची बातमी चार ओळींची होती. आपल्या रंगभूमीलाही या रस्त्याने जखमा केल्या आहेत. १२ फेब्रुवारी २००१ रोजी भक्ती बर्वे याच मार्गावर भाताण बोगद्याजवळ गेल्या. २३ डिसेंबर २०१२ रोजी आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. २०१६ या एका वर्षात या रस्त्याने १५१ बळी घेतले. देशाचा आकडा पाहिला तर २०२२ साली १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातील होती आणि दहांपैकी सात मृत्यू अतिवेगाच्या नावावर नोंदले गेले.

हे सारे माहीत असूनही शहाणीसुरती माणसे असे का वागतात? येथे आपल्या मानसशास्त्राच्या तासाला ऐकलेले काही उपयोगी पडते. ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांनी आपले वाहनकौशल्य वरच्या निम्म्यात मोडते असे सांगितले. निम्म्यात ९३ टक्के कसे मावणार? दुसरे संशोधन १९९९ चे, रेडेलमायर आणि तिबशिरानी यांचे. शेजारचा पदर नेहमी अधिक वेगाने चालल्यासारखा का वाटतो, याचे त्यांनी दिलेले उत्तर मोठे गमतीचे आहे. आपण पुढे जातो तेव्हा खेटून उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्या क्षणात मागे पडतात. इतर आपल्यापुढे जातात तेव्हा त्या अंतर ठेवून, एकेक करून, बराच वेळ जात राहतात. दोन्ही पदरांचा सरासरी वेग सारखा असला तरी मागे पडण्यातच आपला अधिक वेळ जातो आणि अन्याय झाल्यासारखे वाटते. मग आपण पदर बदलतो, कुणाच्या तरी पुढच्या जागेत शिरतो, तो ब्रेक दाबतो, आणि आपल्या मागे एक लाट सुरू होते. ती आपल्याला दिसतही नाही, कारण तोवर आपण पुढे गेलेलो असतो.

सरकार आणि पोलीस यांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ नंतर दुभाजकाचे कठडे, सूचनाफलक, कडेला थांबलेल्या गाड्यांवर देखरेख अशी कामे नेटाने झाली आणि मृत्यूंचा आकडा पुढे शंभराच्या खाली आला. २०२४ पासून वेग आणि पदराची शिस्त मोडणाऱ्यांवर कॅमेऱ्यांचा डोळा आहे. तथापि कॅमेरा वेग मोजतो, समजूत बदलत नाही. कमानीखाली ब्रेक आणि कमान ओलांडली की पुन्हा भरधाव, हे दृश्य मी दर आठवड्याला पाहते.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या हाती लवकरच गाडी येईल, काहींच्या आलीही आहे. म्हणून एक साधी रीत येथे सांगून ठेवते. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' असे सावकाश म्हणायचे. ते पुरे होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. हा झाला कमीत कमी हिशोब; पावसात आणि धुक्यात तो दुप्पट करायचा. ठेवलेल्या जागेत कुणी शिरलाच तर शिरू द्यायचे आणि पुन्हा अंतर पाडायचे. प्रत्येक वेळी त्याची किंमत दोन सेकंद. वाटेत वीस जण शिरले तरी पुण्याला पोहोचायला पुरते एक मिनिटही उशीर होत नाही. तेवढ्या वेळात आपल्या महाविद्यालयात पहिली घंटासुद्धा वाजून संपत नाही.