मार्कशीटवरचे स्वामीजी

नांदेड-लातूरच्या पोरांच्या मार्कशीटवर विद्यापीठाचं म्हणून ज्यांचं नाव असतं, ते स्वामी रामानंद तीर्थ. कामगार चळवळीतून आलेले, हिप्परगा-अंबाजोगाईत मास्तरकी केलेले संन्यासी. 1938 ला निजामाविरुद्ध सत्याग्रह करून तुरुंगात गेले.

भाषणांत इथून थेट 17 सप्टेंबर 1948 वर उडी मारतात. मधलं गाळतात. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या टोळ्या गावं जाळायला लागल्या, तेव्हा स्टेट काँग्रेसनं सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प काढले. मुक्तिसैनिकांनी उमरीची बँक लुटली. गांधींना मानणाऱ्या संन्याशाची संघटना, आणि हातात बंदूक! मला ते चुकीचं वाटत नाही. अर्जविनंत्या करून झाल्या होत्या.

खरा अवघड भाग पुढं आहे. पोलिस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर, सुंदरलाल समितीच्या अंदाजानं, किमान 27 ते 40 हजार माणसं मेली, बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच. याचं खापर स्वामीजींवर फोडणं अन्यायाचं आहे. त्यांचं भांडण निजामी राजवटीशी होतं. पण मुक्तिदिनाच्या स्टेजवर हा आकडा मी तरी कधी ऐकला नाही.

उमरीच्या बँकेची गोष्ट पुढच्या भागात.