आधी प्लॉट, मग रस्ता

परभणीहून मनमाडकडे निघालेली पॅसेंजर मानवत रोडला थांबते. स्थानकाच्या नावापुढे 'रोड' लागले की समजायचे, गाव इथे नाही. इथून पुढे दुसरे वाहन बघायचे. मानवत ही कापसाची जुनी, नावाजलेली पेठ. तिथल्या मोंढ्यात आलेल्या कापसाची सरकी काढायची, गाठी बांधायच्या आणि त्या पुन्हा बैलगाड्यांत भरून स्थानकावर न्यायच्या, असे कित्येक वर्षे चालले. पाथरी आणि जिंतूर या तालुक्यांच्या गावांना तर रूळ लाभलेच नाहीत. परभणी जिल्ह्याच्या जमिनीचा आणि वाटांचा मागोवा घ्यायला बसलो की मला आधी हे स्थानक आठवते. जमिनीवर काय उभे राहणार आणि तिथवर माणूस कसा पोचणार, हे दोन प्रश्न या जिल्ह्यात एका बैठकीत कधी विचारलेच गेले नाहीत. दर वेळी एक आधी झाले आणि दुसरे मागून फरफटत आले.

मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या आसपास सुरू झाली. परभणी तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होती. आखणी हैदराबादेत झाली, हेतूही हैदराबादचाच होता: राजधानी मुंबईच्या वाटेला जोडायची आणि गोदावरीकाठचा कापूस आणि धान्य बाहेर काढायचे. रूळ मीटरगेजचे. मनमाडला ब्रिटिश हद्दीतले रुंद रूळ भेटत आणि तिथे प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. हमाली वाढे, दिवस जात, माल खराब होई, आणि हा सगळा भार शेवटी कास्तकाराच्या भावातून कापला जाई. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे आणि परभणीहून परळीकडे फाटे निघाले, दोन जंक्शने झाली आणि पूर्णा हे रेल्वेचे गाव म्हणून वाढले. संस्थानच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवाही सुरू केली. रेल्वे आणि बस एकाच खात्याच्या हाती असणे ही आजही हेवा वाटावा अशी व्यवस्था होती. पण जिल्ह्याच्या आतल्या गावांसाठी ती कधी वापरली गेली नाही.

'बनी तो बनी, नहीं तो परभनी' ही म्हण त्याच काळातली मानतात. दुसरीकडे जमले तर ठीक, नाहीतर परभणी आहेच, असा तिचा अर्थ आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. इथे पिकायचे भरपूर, खर्च कमी, माणसे साधी. म्हणीत माया आहे. पण आखणी करणाऱ्यांनीही परभणीकडे याच नजरेने पाहिले, हे मला बोचते.

१९४८ मध्ये निझामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राजधानी पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली, रूळ मात्र जुन्याच मापाचे राहिले. १ जुलै १९६१ रोजी मराठवाड्याची बससेवा राज्याच्या एसटी महामंडळात विलीन झाली आणि लाल गाडी खेड्यापर्यंत पोचू लागली. रस्ता जिथवर, तिथवर. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात ब्रॉडगेज ही ठळक मागणी होती. गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या वतीने तिचा पाठपुरावा अखेरपर्यंत सोडला नाही. मनमाडहून परभणीपर्यंत रुंद रूळ आले ते नव्वदच्या दशकात. पूर्णा-अकोला मार्गाला तर २००८ उजाडले. साधे रूळ रुंद होण्यात संबंध पिढी गेली. त्या पिढीतल्या ज्या तरुणाने नोकरीसाठी पुण्याची वाट धरली, तो परत आला नाही.

परभणी-मुदखेड दुपदरीकरण २०२० मध्ये पुरे झाले. परभणीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या १७७ किलोमीटरच्या दुसऱ्या रुळाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ३१ जुलै २०२५ रोजी. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत जाऊ लागली आणि परभणीला थांबू लागली. आनंदाची गोष्ट आहे. पण एकेरी रुळावर क्रॉसिंगसाठी रखडत उभ्या राहिलेल्या गाड्यांत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना या मंजुरीचे मोल अधिक कळेल.

रेल्वेने जिल्ह्याच्या कडा बदलल्या, पोट बदलले ते पाण्याने. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. २०८ किलोमीटरचा डावा कालवा पाथरी, मानवत, परभणी असा उतरत आला. त्याआधीच जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण उभे राहिले होते. ज्वारी-कापसाच्या कोरडवाहू रानात ऊस आणि केळी दिसू लागली. हा बदल किती मोठा होता, ते ज्यांच्या वावरात पहिल्यांदा पाटाचे पाणी आले त्यांच्याच तोंडून ऐकावे.

पण कालव्याच्या आखणीत रस्ता नव्हता. ऊस हे जड पीक आहे, तोडल्यावर लगेच कारखान्यावर गेले पाहिजे. कापूस आठवडाभर आखाड्यावर पडून राहिला तरी चालतो, उसाचे वजन रोज घटते. पीक बदलले, वाट तीच राहिली. मग उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या कालव्याच्या सेवारस्त्यावरून धावू लागल्या. तो रस्ता कालवा-निरीक्षकाच्या जीपसाठी होता. भराव खचले, चाऱ्या फुटल्या आणि टेलच्या गावांचे पाणी वाटेतच मुरले. जिथे पाणी जास्त आणि निचरा कमी, तिथली काळी जमीन चिबड झाली. पाट, पीक आणि रस्ता यांचा एक नकाशा तेव्हा असता, तर यातले निम्मे टळले असते असे माझे ठाम मत आहे.

आमच्या काळ्या मातीविषयी इथेच सांगायला हवे, कारण तिला वगळून परभणीत काहीही आखता येत नाही. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती खडी आणि डांबर टाकले तर दोन पावसाळ्यांत रस्ता लाटांसारखा उंचसखल होतो. आधी माती खोल काढावी लागते, मुरमाचा थर दाबावा लागतो, दोन्ही बाजूंनी नाली काढावी लागते. यातली नालीच बहुतेक कामांत गळते, कारण नालीसाठी लागणारी जागा कुणाच्या तरी बांधातून घ्यावी लागते आणि तो प्रश्न कुणी हाती घेत नाही. गंगाखेड आणि जिंतूरच्या रस्त्यांनी वर्षानुवर्षे जे हाल सोसले, त्यामागे अनेक कारणे असतील. मातीला न विचारता केलेले काम हे त्यातले मोठे कारण आहे.

१९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलावर सत्यशोधन समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या अहवालाने 'अनुशेष' हा शब्द आमच्या घराघरांत पोचवला. राज्याच्या एकूण अनुशेषात मराठवाड्याचा वाटा २३.५६ टक्के निघाला. त्या अहवालामुळे मागासलेपणाला आकडा मिळाला, हे त्याचे ऋण आहे. पण रस्त्यांची मोजदाद किलोमीटरमध्ये झाली आणि पुढची तीस वर्षे आम्हीही किलोमीटरच मागत राहिलो. तो किलोमीटर श्रावणात चालतो का, गावापासून मोंढ्यापर्यंत अखंड जातो का, हे मोजायचे राहून गेले. मधल्या काळात जिल्हाच दोनदा बदलला. १९८१ मध्ये परतूर जालन्यात गेले, १९९९ मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला. मराठवाड्याचा अनुशेष भरून काढण्यासाठी वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये आले आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

आता शहर. परभणीत पत्ता विचारला तर माणूस आधी रस्ता सांगतो: वसमत रोड, जिंतूर रोड, पाथरी रोड, गंगाखेड रोड. शहर याच रस्त्यांच्या कडेने वाढत गेले. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने वसमत रोडला विस्तीर्ण जमीन राखली. ती नसती तर त्या बाजूलाही आज सलग प्लॉटच दिसले असते. बाकी दिशांना जे झाले ते असे: रस्त्यालगतचे चार एकर वावर विकत घ्यायचे, चुना टाकून प्लॉट पाडायचे, वीस फुटांची वाट सोडायची आणि गुंठ्यावर विकायचे. शेजारच्या वावरात दुसऱ्याने प्लॉट पाडले की त्याची वाट या वाटेला भेटत नाही. मोकळी जागा कुणी सोडत नाही. नाली कुठे उतरणार ते ठरलेले नाही. पाऊस झाला की पाणी आपली जुनी वाट शोधत पिंगळगड नाल्याकडे निघते आणि वाटेत लोकांच्या घरात शिरते.

प्लॉट घेणाऱ्याला मी दोष देत नाही. गावाकडचे दोन एकर विकून, मुलांच्या शाळेसाठी शहरात आलेल्या माणसाला मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता. राज्याचा नगररचना कायदा १९६६ चा. त्यात विकास आराखडा आहे, रस्त्यांच्या आखलेल्या रुंद्या आहेत, बागेची-शाळेची आरक्षणे आहेत. पण आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि पैशांअभावी पुढच्या मुदतीतही ती घेता आली नाही तर आरक्षण उठते. म्हणजे कागदावरचे मैदान कागदावरूनही जाते. मग असे पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला, २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना वाढवून दिली गेली. माणसाच्या डोक्यावरचे छप्पर कायदेशीर झाले हे योग्यच. पण वीस फुटांची वाट त्याने तीस फुटांची झाली नाही. २०११ मध्ये परभणी महानगरपालिका झाली, तेव्हा शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजारांवर गेली होती. पालिकेचे रूपांतर झाले, वाटा त्याच राहिल्या. अग्निशमनाचा बंब ज्या गल्लीत वळत नाही, तिथे आज तीन मजली घरे आहेत.

जमिनीचा कागद हे आणखी एक जुने दुखणे. निझामी काळातल्या इनामी जमिनी, १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने लागलेली नावे, उर्दूतले जुने दस्त, वर्ग-२ चे शेरे. सातबारावर एकाचे नाव, कसणारा दुसरा. रस्त्यासाठी जमीन घ्यायची वेळ आली की हे सगळे एकदम वर येते आणि मोबदला न्यायालयात अडकतो. गावागावांतले हे कागद आधी सरळ करणे हेसुद्धा वाहतुकीचे नियोजनच आहे, पण त्याला कुणी तसे म्हणत नाही.

आता नव्या रेषा आल्या आहेत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग परभणीला न शिवता जालन्यावरून गेला. त्याला जोडणारा सुमारे १८० किलोमीटरचा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आमच्या जिल्ह्यातून जाणार आहे. २०२५ च्या आखणीनुसार वर्ध्याहून सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाच्या बारा जिल्ह्यांतही परभणी आहे आणि मोजणीला इथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आहे. मी रस्त्याच्या विरोधात नाही. पण असा रस्ता उंच भरावावरून, कुंपण घालून जातो. त्याच्यावर चढायला जागा ठराविक ठिकाणीच असते. वावराचे दोन तुकडे होतात, बैलजोडी अलीकडे आणि विहीर पलीकडे. बोगदा ठेवला तर त्यातून हार्वेस्टर जाईल एवढा उंच हवा, नाहीतर कापणीच्या दिवसांत चार किलोमीटरचा वळसा पडतो. भरावाने ओढ्याची वाट अडली की वरच्या बाजूचे सोयाबीन पाण्यात उभे राहते. गावकऱ्याला हे मोजणीच्या आधीच दिसते. त्याला विचारायचे मात्र मोजणीनंतर, हा क्रम उलटा आहे.

आणि ज्या वाटेवरून हा सगळा माल निघतो, ती पाणंद अजून चिखलात आहे. बांधाच्या वाटेसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारापुढे दावे चालतात, सख्खे भाऊ त्यात समोरासमोर उभे राहतात. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, काही गावांत काम दिसलेही. ज्या गावाने आपसांत बसून आधी वाट मोकळी केली, तिथे मुरूम पडला. जिथे अतिक्रमणावर एकमत झाले नाही, तिथे योजना फाइलीत राहिली. माझ्या मते जिल्ह्याची आखणी या टोकापासून सुरू व्हायला हवी: आधी पाणंद, मग गावाचा रस्ता, मग मोंढा आणि स्थानक, आणि त्यानंतर द्रुतगती मार्ग. गेली सव्वाशे वर्षे आपण शेवटच्या टोकापासून सुरुवात करत आलो.

परभणीच्या वाचकाला एवढेच सांगणे आहे. विकास आराखड्याचा प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला की हरकत-सूचनेसाठी तीस दिवस मिळतात. तो नकाशा जाऊन बघा. आपला गट क्रमांक शोधा, त्यावरून कोणता रस्ता जातो, कोणता नाला बुजतो, कोणते मैदान राखले आहे ते नीट पाहा, शेजाऱ्यांना सोबत घ्या आणि हरकत लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.