पगार न घेणारे मास्तर: समुद्रावरच्या एका शाळेकडून धंद्याचे धडे



"सर, काम वाढतंय, पण माणसं ठेवायला पैसे नाहीत. काय करू?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्कशॉपमध्ये येतो. त्याच्या पाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, दुसरा येतो: "कॉलेजची मुलं फुकट येतील का हो? त्यांनाही अनुभव मिळेल ना!"

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज तुम्हाला एका वेगळ्याच शाळेत घेऊन जातो. ही शाळा 1947 पासून चालू आहे आणि तिथे शिकवणारे बहुतेक जण पगार घेत नाहीत. शिकवतात काय, तर शिडाची बोट चालवायला. तीही उघड्या समुद्रात, जिथे शिकवण्यात कसूर झाली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणजे "फुकटचं काम आहे, चालतंय थोडं इकडेतिकडे" असं म्हणायची सोयच नाही. तरीही ही शाळा टिकली, वाढली आणि आज युरोपातल्या मोठ्या सेलिंग शाळांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

हे जमलं कसं? चला, एकेक करून बघूया.

हातात काय होतं? बेटं आणि माणसं

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. आपल्या कोकणासारखाच मच्छीमारांचा, खडकाळ किनाऱ्याचा, मोठ्या भरती-ओहोटीचा. तिथल्या कॉन्कार्नो बंदराच्या दक्षिणेला, समुद्रात आत, ग्लेनां नावाचा छोट्या बेटांचा पुंजका आहे.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता. तेव्हा फिलिप व्हियाने आणि हेलेन व्हियाने हे जोडपं एका भूमिगत वृत्तपत्राच्या मुख्य चालकांपैकी होतं. युद्ध संपलं. लढ्यात उतरलेली, छळछावण्यांतून परत आलेली तरुण मुलं समोर होती. त्यांना विश्रांती हवी होती आणि पुन्हा उभं राहायला काहीतरी निमित्तही हवं होतं. व्हियाने दांपत्याने त्यांच्यासाठी या बेटांवर केंद्र सुरू केलं आणि तिथे बोट चालवायला शिकवणं सुरू झालं. पुढे अनेक वर्षं हेलेन यांनीच या केंद्राची धुरा सांभाळली.

पगारी प्रशिक्षकांची फौज उभी करायला पैसा नव्हता. मग मार्ग काय काढला? ज्याला येतं, त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवायचं. आणि जो आज शिकला, त्याने पुढे कधीतरी शिकवायला यायचं. स्वयंपाक, भांडी, झाडलोट, बोटी धुणं हे सगळ्यांनी पाळीपाळीने करायचं. मोठ्या घरचा असो की साध्या घरचा, भांडी घासायची पाळी चुकत नाही. खर्च कमी झाला हा एक फायदा. पण त्याहून मोठा फायदा असा, की आलेला माणूस गिऱ्हाईक राहिला नाही, घरचा झाला.

दोन सायकलींच्या किमतीची बोट

इथे एक अडचण आली. त्या काळात शिडाची बोट म्हणजे श्रीमंतांचा शौक. शिकवणारा फुकट मिळाला, पण शिकवायचं कशावर?

व्हियाने यांनी जाँ-जाक एर्ब्युलो नावाच्या बोट आराखडाकाराला गाठलं. मागणी सरळ होती: स्वस्त, मजबूत, दोघांना चालवता येईल, नवशिक्याला झेपेल अशी बोट द्या. 1951 च्या सुमारास एर्ब्युलो यांनी प्लायवूडची, साधारण चार मीटर लांबीची बोट काढली. तिचं नाव ठेवलं 'व्होरियँ', म्हणजे आपल्या भाषेत 'उनाड' किंवा 'वाया गेलेलं पोर'. ही बोट दोन सायकलींच्या किमतीत मिळते, अशी तिची ख्याती झाली. पुढे अशा हजारो बोटी बनल्या आणि सामान्य माणसाच्या घरात शीड शिरलं.

उद्योजक म्हणून इथे थांबून बघा. व्हियाने यांनी मनुष्यबळाचा खर्च वाचवला आणि तो खिशात घातला नाही. ज्या गोष्टीमुळे सामान्य माणूस दारातच अडत होता, त्या गोष्टीची किंमत पाडली. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक कुठे अडतंय? फी? सामान? की "आपल्याला जमेल का" ही भीती? ते शोधा आधी.

शिकणारा ते शिकवणारा: मधल्या पायऱ्या

आता सगळ्यात महत्त्वाचं. "जो शिकला तो शिकवेल" हे ऐकायला छान वाटतं. पण काल शीड धरायला शिकलेल्या पोराच्या हातात आज आठ जणांचे जीव द्यायचे का? अजिबात नाही.

या शाळेत मधे पायऱ्या आहेत. आधी स्वतः शिकायचं, एकेक स्तर पार करायचा. मग शिकवायचं कसं याचं वेगळं प्रशिक्षण. बोट चालवता येणं वेगळं आणि चालवायला शिकवता येणं वेगळं, हे इथे पक्कं मान्य केलेलं आहे. शाळा आपल्या प्रशिक्षकांना फ्रेंच सेलिंग महासंघाच्या पात्रतेसाठी तयार करते. त्यानंतरच तुकडी ताब्यात मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखी ज्ञान. प्रत्येक मास्तर आपल्या पद्धतीने शिकवायला लागला तर दहा बोटींवर दहा तऱ्हा होतील. म्हणून शाळेने आपला अनुभव पुस्तकात उतरवला. वारा, भरती, गाठी, नकाशा, हवामान, बोटीची निगा, सगळं. या पुस्तकाची पहिली आवृत्ती 1961 ची. तेव्हापासून ते सुधारून पुन्हा पुन्हा छापलं जातंय आणि फ्रेंच बोटवाल्यांच्या घरोघरी पोचलंय. मास्तर बदलतात, पण धडा तोच राहतो.

तुमचं पुस्तक कुठे आहे? पुस्तक म्हणजे छापीलच हवं असं नाही. शंभर पानी वही चालेल. पण "सगळं माझ्या डोक्यात आहे" असं म्हणणाऱ्या माणसाचा धंदा त्याच्या तब्येतीवर चालतो. ताप आला की शटर खाली!

अमेरिकेतले स्वयंसेवक काय करतात?

हे फक्त एका फ्रेंच शाळेचं कौतुक नाही. अमेरिकेत हीच पद्धत दोन मोठ्या संघटनांनी चालवली आहे. पहिली 'युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वॉड्रन्स'. बोस्टनच्या बोटवाल्यांनी 1914 मध्ये ती सुरू केली. आज ती 'अमेरिकाज बोटिंग क्लब' या नावाने ओळखली जाते. दुसरी 'कोस्ट गार्ड ऑक्झिलरी', 1939 मध्ये सुरू झालेली, तटरक्षक दलाला मदत करणाऱ्या नागरिकांची. दोन्हीकडे नोकरी-धंदा सांभाळून किंवा निवृत्त झाल्यावर माणसं येतात आणि पगार न घेता बोटिंगचे वर्ग घेतात.

याची गरज किती आहे ते आकड्यांतून कळतं. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नोंदीप्रमाणे 2023 मध्ये हौशी बोटिंगच्या अपघातांत 564 माणसं गेली. मृत्यूचं कारण माहीत असलेल्या दर चारपैकी साधारण तीन बुडून. आणि बुडालेल्यांतल्या बहुसंख्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. म्हणजे त्या स्वयंसेवकाचं "जॅकेटचा पट्टा लावा" हे वाक्य किरकिर वाटतं, पण त्याच्या सगळ्या शिकवणीत सगळ्यात मोलाचं तेच.

ऑक्झिलरीची एक पद्धत मला फार आवडते. त्यांचे स्वयंसेवक तुमची बोट मोफत तपासून देतात. जॅकेट आहेत का, आग विझवायचं साधन आहे का, दिवे लागतात का. कमी पडलं तर दंड नाही, फक्त काय दुरुस्त करायचं ते सांगतात. सगळं ठीक असेल तर बोटीवर स्टिकर लावतात. आता विचार करा, ज्याची बोट तपासली, त्याला वर्गाची माहिती मिळते, माणसाशी ओळख होते, विश्वास बसतो. जाहिरातीचा एक रुपया न घालता.

माणसं का येतात?

पैसे मिळत नाहीत, मग शनिवार-रविवार कोण देतं?

एक, त्यांना ती गोष्ट मनापासून आवडते आणि एरवी न मिळणारी संधी इथे मिळते. दोन, स्वतःची पातळी वाढते. शिकवल्याशिवाय गाठ पक्की होत नाही, हे कुठल्याही मास्तरला विचारा. तीन, सोबत मिळते. चार, मान मिळतो: पात्रता, जबाबदारी, पुढची पायरी. यातलं एक जरी सुटलं तरी माणूस पुढच्या वर्षी येत नाही. स्वयंसेवकाला राजीनामा द्यावा लागत नाही, तो फक्त फोन उचलत नाही.

'फुकट'चं बिल

आता कागद-पेन घ्या. समजा, तुम्ही खाडीकिनारी दोन दिवसांचं कयाक शिबिर घेताय. 16 जण शिकायला, चार जण विनावेतन मदतीला.

चार मदतनिसांचं दोन दिवसांचं जेवण-चहा, माणशी रोज 400 रुपये: 3,200. येण्याजाण्याचा खर्च, माणशी 300: 1,200. शिबिराआधी एक दिवस सराव, त्याचं जेवण: 1,600. त्या दिवशी त्यांना तयार करणाऱ्या अनुभवी माणसाचे 2,000. बेरीज 8,000 रुपये. यात विमा धरलेला नाही, तुमचा वेळही धरलेला नाही.

म्हणजे दर शिकणाऱ्यामागे 500 रुपये, आणि आपण म्हणत होतो "फुकट"! फ्रान्सच्या त्या शाळेतही शिकणाऱ्यांकडून फी घेतली जाते. बेस सांभाळणारे, बोटी दुरुस्त करणारे, कार्यालय बघणारे पगारी लोकही तिथे आहेत. स्वयंसेवक हा संस्थेचा एक खांब आहे, अख्खं घर त्याच्यावर उभं नाही.

मग मी फुकट माणसं घेऊ की नको?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. गणपती मंडळाचा मांडव घालताना पोरं रात्रभर जागतात. कुणी मजुरी मागतो का? नाही. पण तोच मुलगा मांडव कंत्राटदाराकडे कामाला गेला तर रोज घेतो, आणि घ्यायलाच हवा. काम तेच, बांबू तेच. फरक कुठे आहे? मंडळात उरलेला पैसा मंडळाचा. कंत्राटदाराकडे उरलेला पैसा कंत्राटदाराचा.

ग्लेनांची शाळा ही ना-नफा संस्था आहे. तिथल्या मास्तरच्या घामातून कुणाचा बंगला होत नाही, म्हणून तो घाम गाळतो. तुमची प्रोप्रायटरशिप असेल, नफा तुमच्या खात्यात जाणार असेल, तर "अनुभव मिळेल" असं सांगून पोरांना राबवू नका. किमान वेतनाचा कायदा आहे, आणि कायद्याआधी माणुसकी आहे. शिवाय पाण्यावरचा धंदा असेल तर उद्या काही झालं, तर "तो आमचा कर्मचारी नव्हता" हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही. किनाऱ्यावर प्रवासी बोट किंवा जलक्रीडा सुरू करताय? महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी, विमा, प्रशिक्षित माणूस आणि प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, हे आधी. रील नंतर.

मग या शाळेकडून घ्यायचं काय? पगार वाचवायची युक्ती घेऊ नका. माणूस घडवायची पद्धत घ्या:

1. चांगला ग्राहक हेरा. जो प्रश्न विचारतो, शेजाऱ्याला मदत करतो, उरल्यावर सामान आवरतो, तो तुमचा उद्याचा सहायक. त्याला मोबदला द्या. सुरुवातीला कमी असेल, पण आधी ठरवून द्या.
2. पायऱ्या लिहून ठेवा. शिकणारा, सहायक, स्वतंत्र प्रशिक्षक. कोणती पायरी कधी आणि काय आल्यावर, हे त्याला पहिल्याच दिवशी माहीत हवं.
3. वही बनवा. शिवणक्लास असो, केकचा वर्ग असो की ट्रेकिंग ग्रुप, प्रत्येक धडा एका पानावर लिहा. तुम्ही नसताना दुसऱ्याला तो घेता आला पाहिजे.
4. सुरक्षेत सवलत नाही. गॅसची नळी, मशिनची सुई, लाइफ जॅकेटचा पट्टा. जुना माणूस असो की नवा, तपासणी रोज.
5. समाजासाठी करायचं असेल तर वेगळं करा. महिन्यातून एक मोफत वर्ग घ्या, त्याला स्वयंसेवक बोलवा, पण त्याचा हिशेब धंद्यात मिसळू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या धंद्यातलं एकच काम निवडा, जे आज फक्त तुम्हालाच येतं. ते एका पानावर लिहा. ते पान घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि म्हणा, "हे वाचून करून दाखव." तो जिथे अडेल तिथे तुमचं पान अपुरं आहे, तो माणूस नाही. पान दुरुस्त करा, पुन्हा द्या. तीन वेळा असं केलंत की तुमच्या वहीचा पहिला धडा तयार.

पुढच्या व्हिडिओत आपण सहायकाचा मोबदला कसा ठरवायचा ते हिशेबासकट बघणार आहोत. तेव्हा ते पान समोर घेऊन बसा. भेटूया!